‘कन्व्हर्शन’ : एक शब्द, अनेक अर्थ

‘कन्व्हर्शन’ हा इंग्रजी शब्द मराठी माणसाच्या तोंडी आता इतका रुळला आहे की, त्याचे भाषांतर करण्याची गरज फारशी कोणाला वाटत नाही. तलाठी कार्यालयात तो जमिनीच्या संदर्भात कानी पडतो, बँकेत परकीय चलनाच्या संदर्भात, गॅरेजमध्ये गाडीला सीएनजीचे किट बसवताना, तर वर्तमानपत्रात बहुधा धर्मांतराच्या वादासंबंधी. आपल्या धर्मग्रामांतही प्रायश्चित्तकाळातील प्रवचनांत आणि रिट्रीटमध्ये तो हमखास येतो. शब्द एकच, परंतु बोलणाऱ्याच्या आणि ऐकणाऱ्याच्या मनातील अर्थ एकच असेल, याची शाश्वती नसते. धर्मगुरू वेदीवरून ‘कन्व्हर्शन’ म्हणतात तेव्हा समोरच्या भाविकाने जुना हेवा सोडावा, दुरावलेल्या भावाशी बोलावे, एवढेच त्यांना अभिप्रेत असते. तोच शब्द रस्त्यावरून जाणाऱ्याच्या कानी पडला, तर कोणाचा तरी धर्म बदलण्याची सिद्धता चालली आहे असे त्याला वाटू शकते. अशा गैरसमजांची किंमत आपल्या देशात अनेकांनी मोजली आहे.

म्हणून या शब्दाचे निरनिराळ्या क्षेत्रांतील अर्थ एकत्र मांडण्याचे आम्ही योजिले आहे. प्रत्येक ठिकाणी आपण एकच प्रश्न विचारू या : या बदलात काय बदलते आणि काय तसेच राहते? या प्रश्नाचे उत्तर जसे बदलत जाते, तसा शब्दाचा अर्थही बदलत जातो, असे वाचकांच्या ध्यानी येईल.

शब्दाचे कूळ

‘कन्व्हर्शन’चे मूळ लॅटिन भाषेत आहे. ‘व्हर्तेरे’ म्हणजे वळणे किंवा वळवणे. त्याला ‘पूर्णपणे’ असा भाव देणारा उपसर्ग लागून ‘कन्व्हर्तेरे’ हे क्रियापद झाले. गंमत अशी की, लॅटिनमधील ‘व्हर्तेरे’ आणि संस्कृतमधील ‘वृत्’ हे धातू एकाच प्राचीन कुळातले आहेत. आपला ‘परिवर्तन’ हा शब्द याच ‘वृत्’पासून आला. म्हणजे ‘कन्व्हर्शन’ आणि ‘परिवर्तन’ हे दूरचे भाऊबंदच होत. ‘परिवर्तन’ या शब्दातच ‘वर्तन’ दडलेले आहे, हेही लक्षात ठेवण्याजोगे आहे.

इंग्रजी भाषा एकाच शब्दावर सारा भार टाकते. मराठीने मात्र कामे वाटून दिली आहेत. वस्तूचा आकार बदलला तर रूपांतर, मत बदलले तर मतांतर, अवस्था बदलली तर स्थित्यंतर, धर्म बदलला तर धर्मांतर, अंतःकरण बदलले तर मनपरिवर्तन किंवा हृदयपरिवर्तन. ही मराठीची श्रीमंती आहे. परकीय शब्द सरसकट वापरला की ती आपण हातची घालवतो.

मोजमाप आणि चलन

सर्वांत साधा अर्थ मोजमापाचा. येथे आकडा बदलतो. वस्तू तशीच राहते. एक गुंठा म्हणजे एकराचा चाळिसावा भाग, १०८९ चौरस फूट; मेट्रिक मापात तो सुमारे १०१ चौरस मीटर भरतो. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर आणि आर यांत लिहिलेले असते, तर घरातील वाटणी अजूनही गुंठ्यांत बोलली जाते. माप कोणतेही धरले तरी वाडी तेवढीच असते.

१ एप्रिल १९५७ रोजी भारतात दशमान नाणेपद्धती सुरू झाली. त्यापूर्वी रुपयाचे १६ आणे आणि ६४ पैसे होत. त्यानंतर १०० नवे पैसे झाले. बाजारात आणे आणि नवे पैसे काही वर्षे सोबतच चालले. रुपया रुपयाच राहिला. त्याची वाटणी मात्र बदलली. ‘सोळा आणे खरे’ हा वाक्प्रचार आजही टिकून आहे.

मोजमापाचे रूपांतर सोपे असले तरी ते निष्काळजीपणे करून चालत नाही. २३ जुलै १९८३ रोजी कॅनडातील एका प्रवासी विमानात इंधन भरताना किलोग्रॅम आणि पौंड यांची गल्लत झाली. हवे होते सुमारे २२,३०० किलोग्रॅम इंधन. विमानात होते तेवढे पौंड, म्हणजे निम्म्याहूनही कमी. हजारो फूट उंचीवर दोन्ही इंजिने बंद पडली. वैमानिकांनी ते विमान इंजिनाविना तरंगत आणून गिमली येथील जुन्या विमानतळावर उतरवले आणि सर्वांचे प्राण वाचले. कशाचे रूपांतर कशात करायचे हे आधी ठरलेले नसेल, तर बिनचूक गणितही उपयोगी पडत नाही, हे या प्रसंगातून दिसते.

जमिनीचे परिवर्तन

आपल्या वाचकांच्या रोजच्या व्यवहारात ‘कन्व्हर्शन’ बहुधा जमिनीशी जोडलेले असते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४४ मध्ये जमिनीचा वापर एका प्रयोजनातून दुसऱ्या प्रयोजनात बदलण्याची कार्यपद्धती सांगितली आहे. शेतजमीन बिनशेती करणे, म्हणजेच ‘एन.ए.’ करणे, ते हेच. नंतरच्या दुरुस्त्यांनी विकास आराखड्यातील जमिनींसाठी ही वाट पुष्कळच सुकर केली आहे.

येथे काय बदलते? जमिनीचा वापर, तिच्यावरील आकारणी आणि तिचा भाव. गट क्रमांक तोच राहतो, सातबाऱ्यावरील नावही कदाचित तेच राहते. परंतु हे परिवर्तन बहुधा एकाच दिशेचे असते. रुपयाचे डॉलर केले तर डॉलरचे पुन्हा रुपये करता येतात. भाताच्या खाचरावर भराव टाकून इमारत उभी राहिली की ते खाचर पुन्हा पिकत नाही. बावखल बुजवले की त्यात मुरणारे पाणी दुसरीकडे वाट शोधते आणि पावसाळ्यात ते आपल्याच अंगणात उभे राहते. वसईतील हरित पट्टा राखण्यासाठी फादर फ्रान्सिस दिब्रिटो (१९४२–२०२४) यांनी हरित वसई संरक्षण समितीच्या माध्यमातून जो लढा दिला, त्याच्या मुळाशी हीच जाणीव होती. कागदावरील एका शिक्क्याने जे बदलते, ते पिढ्यांना परत मिळत नाही.

कायद्यातील एक कटू अर्थ

इंग्रजी कायद्यात ‘कन्व्हर्शन’ला आणखी एक अर्थ आहे आणि तो पुष्कळांना ठाऊक नसतो. दुसऱ्याच्या मालकीची वस्तू, मालकाचा हक्क डावलून, आपलीच असल्यासारखी वापरणे किंवा विकणे म्हणजे ‘कन्व्हर्शन’. १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या कलम ४०३ मध्ये दुसऱ्याची जंगम मालमत्ता अप्रामाणिकपणे स्वतःच्या उपयोगासाठी ‘कन्व्हर्ट’ करणे हा गुन्हा ठरवला होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तो कलम ३१४ मध्ये आला आहे. मराठीत यासाठी ‘अपहार’ हा नेमका शब्द आहे.

येथे वस्तू तशीच राहते. मालक मात्र त्याच्या संमतीवाचून बदलतो. संत योहानाच्या शुभवर्तमानात यहुदा इस्कार्योत शिष्यांची थैली सांभाळत असे आणि तिच्यातील पैसे चोरत असे, असा उल्लेख आहे. संस्थेचा, सोसायटीचा किंवा धर्मग्रामाचा पैसा हाताळणाऱ्या प्रत्येकाने हा अर्थ ध्यानात ठेवावा. एकाच शब्दाच्या एका टोकाला संताचे मनपरिवर्तन आहे आणि दुसऱ्या टोकाला विश्वस्ताने केलेला अपहार.

तर्कशास्त्र, व्याकरण आणि इतर क्षेत्रे

तर्कशास्त्रात विधानातील उद्देश्य आणि विधेय यांची अदलाबदल करण्याला परिवर्तन म्हणतात. ‘कोणताही आंबा केळे नाही’ हे खरे असेल, तर ‘कोणतेही केळे आंबा नाही’ हेही खरेच. परंतु ‘सर्व आंबे फळे आहेत’ यावरून ‘सर्व फळे आंबे आहेत’ असे म्हणता येत नाही. फार तर ‘काही फळे आंबे आहेत’ एवढेच म्हणता येईल. हा नियम अॅरिस्टॉटलपासून शिकवला जातो, तरी सार्वजनिक वादांत तो रोज मोडला जातो. एखाद्याने फसवून धर्मांतर घडवले असेल, तर त्यावरून प्रत्येक धर्मांतर फसवणुकीचेच असते, असे सिद्ध होत नाही. तसेच काही धर्मांतरे अंतःकरणपूर्वक झाली, म्हणून सगळीच तशी झाली, असेही आपल्याला म्हणता येणार नाही. नियम दोन्ही बाजूंना सारखाच लागू आहे.

व्याकरणात शब्दाचे रूप न बदलता त्याची जात बदलते, तेव्हा भाषाशास्त्रज्ञ ‘कन्व्हर्शन’ म्हणतात. ‘गोड आंबा’ यात ‘गोड’ हे विशेषण आहे. ‘डॉक्टरांनी गोड बंद केले’ यात तेच नाम झाले. रग्बीच्या खेळात ‘ट्राय’नंतर चेंडू खांबांमधून मारून मिळवलेल्या जादा गुणांना हेच नाव आहे. आणि संकेतस्थळ पाहायला आलेल्यांपैकी प्रत्यक्ष किती जण गिऱ्हाईक झाले, याचा हिशेब व्यापारी ‘कन्व्हर्शन’ याच नावाने ठेवतात.

यंत्रांच्या जगातले एक उदाहरण सांगण्याजोगे आहे. मोटारीच्या धूर सोडणाऱ्या नळीत ‘कॅटॅलिटिक कन्व्हर्टर’ बसवलेला असतो. इंजिनातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तेथे कार्बन डायऑक्साइडमध्ये बदलतो. हे काम प्लॅटिनम, पॅलॅडियम, ऱ्होडियम यांसारखे धातू घडवून आणतात. पण या प्रक्रियेत ते स्वतः खर्ची पडत नाहीत. धूर मात्र त्यांच्या संपर्कात यावा लागतो.

मानसशास्त्रातील अर्थ

मनातील असह्य ताण शरीरावर लक्षणांच्या रूपाने उमटतो, या प्रक्रियेला सिग्मंड फ्रॉईड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘कन्व्हर्शन’ असे नाव दिले. हात लुळा पडणे, वाचा बसणे, फिट आल्यासारखे झटके येणे, अशी लक्षणे दिसतात आणि तपासणीत ती मज्जासंस्थेच्या नेहमीच्या आजारांशी जुळत नाहीत. आज वैद्यकशास्त्र यासाठी ‘फंक्शनल न्यूरॉलॉजिकल’ विकार ही संज्ञा पसंत करते आणि प्रत्येक रुग्णाच्या बाबतीत मानसिक आघात सापडलाच पाहिजे असा आग्रह धरत नाही. रुग्ण ढोंग करीत नसतो, हे मात्र निश्चित. त्याचा त्रास खरा असतो आणि त्यावर उपचारही आहेत.

हे येथे सांगण्याचे कारण आहे. असे झटके येणाऱ्या मुलीला किंवा सुनेला ‘बाहेरचे काही लागले’ असे समजून कुटुंबे भगताकडे, क्वचित प्रार्थनागटांकडे धावतात. ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथात (क्र. १६७३) स्पष्ट म्हटले आहे की, भूतबाधेचा विचार करण्यापूर्वी हा आजार तर नाही ना, याची खात्री करून घेतली पाहिजे, आणि आजार, विशेषतः मानसिक आजार, हा वैद्यकशास्त्राचा विषय आहे. प्रार्थना अवश्य करावी; पण आधी डॉक्टरांची वेळ घ्यावी.

समलिंगी व्यक्तींची प्रवृत्ती उपचारांनी बदलण्याचा दावा करणारी तथाकथित ‘कन्व्हर्शन थेरपी’ हा आणखी एक वापर. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये ती व्यावसायिक गैरवर्तन ठरवली आहे. आपल्या मुलांविषयी चिंतित असणाऱ्या पालकांनी अशा दाव्यांच्या मागे लागू नये.

धर्मांतर : समाज आणि राज्यघटना

आता आपण या शब्दाच्या सर्वांत नाजूक अर्थाकडे वळू. धर्मांतर म्हणजे एक धर्म सोडून दुसरा स्वीकारणे. भारतीय राज्यघटनेच्या अनुच्छेद २५ नुसार प्रत्येकाला सद्सद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य आणि धर्म मानण्याचा, आचरण्याचा व त्याचा प्रसार करण्याचा हक्क आहे. मात्र तो सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन आहे. ओरिसाने १९६७ मध्ये आणि मध्य प्रदेशाने १९६८ मध्ये बळजबरीने, फसवणुकीने किंवा प्रलोभनाने केलेल्या धर्मांतराविरुद्ध कायदे केले. रेव्हरंड स्टॅनिस्लॉस खटल्यात १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने हे कायदे वैध ठरवले. प्रसाराचा हक्क म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वे मांडण्याचा हक्क; दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही, असे न्यायालयाने म्हटले. त्या निर्णयावर विचारवंतांनी टीका केली आहे. पण आपला धर्म स्वतः निवडण्याचे व्यक्तीचे स्वातंत्र्य हा या चर्चेचा पाया आहे, हे विसरता कामा नये.

महाराष्ट्रात धर्मांतराचा विचार सर्वांत खोलवर कोणी केला असेल, तर तो डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात त्यांनी घोषणा केली आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. मधली २१ वर्षे अभ्यासाची होती. धर्मांतर हा माणसाच्या प्रतिष्ठेचा प्रश्न असू शकतो, हे त्यांनी साऱ्या देशाला दाखवून दिले.

कायद्याच्या दृष्टीने धर्मांतराचे परिणामही होतात. १९५० च्या अनुसूचित जातींविषयीच्या आदेशानुसार हा दर्जा आरंभी हिंदूंपुरताच होता. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना तो लागू झाला. दलित ख्रिस्ती बांधवांची मागणी मात्र दीर्घकाळ विचाराधीन राहिली आहे. येथे धर्म बदलला, तरी समाजाने लादलेली जात तशीच राहिली, हे दुःखद वास्तव आहे. आणि ते आपल्या ख्रिस्ती समाजाच्या आतही पुष्कळदा तसेच राहिले, हे आपण प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे.

ख्रिस्तसभेची भूमिका

बळजबरीच्या धर्मांतराला ख्रिस्तसभेची शिकवण थारा देत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ७ डिसेंबर १९६५ रोजी धर्मस्वातंत्र्यावरील घोषणापत्र स्वीकारले. त्याच दिवशी स्वीकारलेल्या मिशनकार्यावरील दस्तऐवजात (क्र. १३) कोणालाही श्रद्धा स्वीकारण्यास भाग पाडणे किंवा अयोग्य मार्गांनी भुलवणे याला सक्त मनाई केली आहे. कॅनन कायद्याचे कलम ७४८ हेच सांगते. प्रौढ व्यक्तीला बाप्तिस्मा द्यायचा झाल्यास तिने स्वतः इच्छा व्यक्त केली पाहिजे, तिला पुरेसे शिक्षण मिळाले पाहिजे आणि ख्रिस्ती जीवनाचा सराव तिने करून पाहिला पाहिजे, अशी कलम ८६५ ची अट आहे. म्हणूनच दीक्षार्थींच्या तयारीला महिनोन्‌महिने लागतात. घाईने दिलेला बाप्तिस्मा हा ख्रिस्तसभेच्याच नियमांत बसत नाही.

इतिहासात याविरुद्ध वागणूक झाली नाही, असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. गोव्यात १५६० मध्ये स्थापन झालेले इन्क्विझिशन, काही खंड वगळता, १८१२ पर्यंत चालले. १२ मार्च २००० रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी संत पेत्राच्या महामंदिरात, सत्याच्या सेवेच्या नावाखाली झालेल्या हिंसेबद्दल देवाची क्षमा मागितली. पूर्वजांच्या श्रद्धेबद्दल कृतज्ञ राहूनही त्या काळातील चुकांना चूक म्हणता येते.

धर्मांतर आणि मनपरिवर्तन

ही दोन्ही एकाच वेळी घडतातच असे नाही. याचे सर्वांत बोलके उदाहरण पंडिता रमाबाई यांचे. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे १९०७ मध्ये लिहिलेल्या आत्मकथनपर साक्षीत त्यांनी मोकळेपणाने नमूद केले की, बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांना उमगले की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला आहे, पण स्वतः ख्रिस्त मिळालेला नाही. धर्मांतराची तारीख नोंदवहीत मिळाली. मनपरिवर्तनाला आणखी आठ वर्षे लागली. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’तही हाच प्रवास वेगळ्या रीतीने दिसतो. त्यांचे पती रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाई त्यांच्यासोबत नव्हत्या. सोवळ्या-ओवळ्याचे बंध त्यांच्या मनातून हळूहळू गळून पडले आणि मगच त्यांनी स्वतःच्या निर्णयाने बाप्तिस्मा घेतला. येथे मन आधी बदलले आणि धर्म नंतर.

धर्मांतराशिवाय मनपरिवर्तन, हे तर आपल्या भूमीला अपरिचित नाही. ‘वाल्याचा वाल्मीकी होणे’ हा वाक्प्रचार प्रत्येक मराठी घरात बोलला जातो. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपूरचे विठ्ठलमंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून उपोषण केले. १९५१ मध्ये पोचमपल्लीहून सुरू झालेल्या भूदान चळवळीत विनोबाजींनी जमीनदारांच्या हृदयपरिवर्तनावरच भिस्त ठेवली. या दोघांनी कोणाला धर्म बदलायला सांगितले नाही. धर्म मानणाऱ्याने तो मनापासून मानावा, असे सांगितले.

बायबलमधील अर्थ

जुन्या करारातील हिब्रू शब्द ‘शूब’ म्हणजे मागे वळणे, परत येणे. संदेष्टे तो वारंवार वापरतात आणि तो देवाच्या प्रजेलाच उद्देशून असतो. नव्या करारातील ग्रीक शब्द ‘मेटानोइया’ म्हणजे मनाची, विचारांची पालट. प्रभू येशूने गालीलात आपल्या कार्याचा आरंभ याच हाकेने केला, असे संत मार्क सांगतो (१:१५). लॅटिन भाषांतरात तो शब्द प्रायश्चित्त करण्याच्या अर्थाने आला, मराठीत ‘पश्चात्ताप’ आला. पश्चात् म्हणजे नंतर आणि ताप म्हणजे जळणे. हा शब्द सुंदर आहे. परंतु तो झालेल्या चुकीकडे पाहतो. ‘मेटानोइया’त पुढे चालण्याची दिशाही आहे. पश्चात्तापाने डोळे ओले होतात. मनपरिवर्तनाने पाय घराकडे वळतात. उधळ्या पुत्राच्या दाखल्यात दोन्ही आहेत : तो भानावर आला आणि उठून निघाला.

संत पौलाचे परिवर्तन ख्रिस्तसभा २५ जानेवारीला साजरे करते. शौलाचा पौल झाला तो दमास्कसच्या वाटेवर, अशी समजूत आहे. परंतु प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात ‘पौल’ हे नाव प्रथम तेराव्या अध्यायात येते आणि तेही शौलाचे दुसरे नाव म्हणून. त्याने आपले यहुदी कूळ कधी नाकारले नाही. उलट रोमकरांस व फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रांत त्याचा उल्लेख केला. नाव, कूळ, भाषा, विद्वत्ता, एवढेच नव्हे तर त्याचा तापट आवेशही तसाच राहिला. बदलली ती दिशा.

संतचरित्रांत ज्यांना ‘कन्व्हर्शन’ म्हटले जाते, त्यांतील पुष्कळ घटना आधीच बाप्तिस्मा झालेल्यांच्या आहेत. १५२१ मध्ये पाम्पलोनाच्या लढाईत जखमी झालेला इग्नेशियस लोयोला जन्माने कॅथोलिकच होता. असिसीच्या फ्रान्सिसचेही तसेच. संत ऑगस्टीनच्या बाबतीत बुद्धी बरीच आधी वळली होती; इच्छाशक्ती मात्र मागे रेंगाळत होती. ३८६ साली मिलानमधील बागेत ती वळली आणि ३८७ च्या पास्कासणाच्या जागरणविधीत त्याने संत अॅम्ब्रोजच्या हातून बाप्तिस्मा घेतला. संत बेनेडिक्टच्या नियमावलीत (अध्याय ५८) मठवासीयाला एक व्रत घ्यावे लागते, ते जीवनपद्धती सतत पालटत राहण्याचे. एकदा वळलो आणि संपले, असे त्यात नाही.

धर्मशिक्षण ग्रंथ (क्र. १४२७–१४२९) हेच सांगतो. पहिले मनपरिवर्तन बाप्तिस्म्याशी निगडित आहे. दुसरे बाप्तिस्मा झालेल्यांसाठी आहे आणि ते आयुष्यभर चालते. नाकारल्यानंतर पेत्राने ढाळलेले अश्रू हे त्याचे उदाहरण.

पवित्र मिस्सेतही हा शब्द आहे. ट्रेंटच्या परिषदेने १५५१ मध्ये भाकर आणि द्राक्षारस यांचे ख्रिस्ताच्या शरीर-रक्तात होणारे परिवर्तन वर्णिताना ‘कन्व्हर्सियो’ हाच लॅटिन शब्द वापरला. येथे दिसणारे सारे तसेच राहते आणि अंतर्यामीचे सत्त्व बदलते. आपल्या बाबतीत पुष्कळदा उलटे घडते : बाहेरचे बदलते आणि आतले तसेच राहते.

अलीकडील शिकवणीत अर्थ आणखी विस्तारला आहे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी जानेवारी २००१ मध्ये ‘पर्यावरणीय परिवर्तना’ची हाक दिली, पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात तिचा विस्तार केला. ऑक्टोबर २०२४ मध्ये पूर्ण झालेल्या सिनडच्या अंतिम दस्तऐवजाने नातेसंबंधांच्या, कार्यपद्धतींच्या आणि परस्परबंधांच्या परिवर्तनाची भाषा केली. म्हणजे परिवर्तन केवळ एकट्या जीवाचे नसते. संस्थांनीही वळावे लागते.

समारोप

या साऱ्या विवेचनातून दोन गोष्टी हाती येतात. पहिली भाषेची. आपल्या सूचनापत्रकांत, धर्मशिक्षणवर्गांत आणि सार्वजनिक भाषणांत ‘कन्व्हर्शन’ हा शब्द आपण शक्यतो टाळावा. मनपरिवर्तन म्हणायचे असेल तर मनपरिवर्तन म्हणावे, धर्मांतर म्हणायचे असेल तर धर्मांतर. नेमका शब्द वापरल्याने अर्धे वाद उद्भवणारच नाहीत. आणि उरलेल्या वादांत आपली बाजू स्वच्छ राहील.

दुसरी गोष्ट जीवनाची. आपल्यापैकी बहुतेकांचा बाप्तिस्मा तान्हेपणी झाला. नोंदवहीत नाव आहे, घरात वेदी आहे, गळ्यात क्रूस आहे. शेजारच्याने धर्म बदलला की नाही, याची चर्चा आपण हिरिरीने करतो. आपले मन बदलले की नाही, याची विचारपूस क्वचित करतो. संत लूकच्या शुभवर्तमानात जक्कयने प्रभूला घरी नेले, तेव्हा त्याने धर्म बदलला नाही. त्याने आपल्या मालमत्तेचा अर्धा भाग गरिबांना देऊ केला आणि कोणाला लुबाडले असेल तर चौपट परत करण्याचा शब्द दिला. दुसऱ्याचे आपले करणे हा ‘कन्व्हर्शन’चा कायद्यातील अर्थ; आपले दुसऱ्याचे करणे हा जक्कयने दाखवलेला. बांधावरून भावाशी चाललेला दावा, कामवालीचा थकलेला पगार, आईच्या औषधांवरून बहिणीशी धरलेला अबोला, यांपैकी एखाद्या गोष्टीचा हिशेब या प्रायश्चित्तकाळापूर्वी आपण मिटवला, तर या शब्दाचा अर्थ आपल्याला कोशात शोधावा लागणार नाही.